छातीतल्या मंडळींवर मी घेतलेला संशय

मित्रांनो, माझी ओळख सांगण्याआधी एक विचारतो. आज सकाळपासून तुम्ही किती पाणी प्यायलात? "भरपूर" असं सांगू नका. "भरपूर" म्हणणाऱ्या माणसाने दोन घोट घेतलेले असतात, तेही गोळी गिळायला. मला चव्वेचाळीस वर्षांचा अनुभव आहे.

मी म्हणजे एक जुनं मूत्रपिंड, उजवीकडचं. बोलताना लोक मला किडनी म्हणतात, आणि माझ्याबद्दल बोलतात तेही कुणाला तरी काही झाल्यावरच. मुठीएवढा आकार, घेवड्याच्या दाण्यासारखा बाक, आणि पाठीमागे शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला बसायची जागा. माझा जुळा भाऊ डावीकडे असतो. तो माझ्याहून बोटभर वर बसतो, कारण माझ्या डोक्यावर यकृताने बैठक मारली आहे. भावाला यात काही वावगं वाटत नाही. ज्याला चांगली जागा मिळते त्याला कधीच वावगं वाटत नाही.

मी संशयी आहे हे आधीच कबूल करतो. पण आमचं कामच तसलं. दर मिनिटाला सुमारे लिटरभर रक्त आम्हा दोघा भावांच्या दारातून जातं. त्यातलं पाणी, मीठ, साखर, नको ते, हवं ते, सगळं आम्ही आधी बाहेर काढतो आणि मग एकेकाला विचारून परत आत घेतो. तू कोण, कुठून आलास, तुझं आत काय काम? दिवसाला एकशे ऐंशी लिटर असं गाळून होतं आणि त्यातलं जेमतेम दीड लिटर बाहेर जातं. रोज घरातलं सगळं सामान अंगणात काढून, झटकून, पुन्हा लावणाऱ्या माणसाला लोक विक्षिप्त म्हणतात. आमच्यात त्यालाच तब्येत म्हणतात.

ज्यांच्या पाठीत मी राहतो त्या बाई टॉवर क्रेन चालवतात. उंच इमारत बांधताना तिच्याहूनही उंच असा जो लोखंडी खांब उभा असतो, त्याच्या टोकाला काचेची खोली असते. त्या खोलीत बसून दोन हातांत दोन दांडे धरायचे आणि टनावारी सळया अलगद उचलून दुसऱ्या जागी ठेवायच्या. बांधकामावर सगळे त्यांना "वरच्या बाई" म्हणतात. मला डोळे नाहीत, पण मणक्याला टेकून बसल्यामुळे बोलणं हाडातून ऐकू येतं, आणि बाकीच्या बातम्या रक्त आणतं. रक्ताला पोटात काही ठेवता येत नाही.

आता माझ्या संशयाबद्दल. तो होता छातीतल्या मंडळींवर, म्हणजे फुफ्फुसांवर.

याची सुरुवात जन्माआधीची आहे. आईच्या पोटात असताना ही मंडळी रिकामी बसलेली होती. श्वास घ्यायला तिथे हवाच नव्हती. काम करत होतो आम्ही. गर्भाभोवती जे पाणी असतं ते बरंचसं आम्ही दोघा भावांनी गाळून सोडलेलं असतं, आणि त्याच पाण्याच्या आधाराने फुफ्फुसं वाढतात, फुगायला शिकतात. एवढं आम्ही केलं. मग जन्म झाला, मंडळींनी पहिला श्वास घेतला, बाळ रडलं, आणि खोलीतले सगळे हसले. "काय खणखणीत आवाज आहे," दाई म्हणाली. आम्ही त्यानंतर काही तासांनी आमचं काम दाखवलं. तर आत्या म्हणाली, "घ्या, दुपटं ओलं केलं."

तेव्हापासून मी बघत आलो आहे. मन मोकळं झालं की माणूस छाती भरून श्वास घेतो. अभिमान वाटला की छाती फुगते. आमच्या नावाने काही फुगत नाही. आमच्या नावाने फक्त "जरा जाऊन येतो" एवढंच म्हणतात, तेही हळू आवाजात.

काम मात्र सामाईक आहे. रक्ताचा आंबटपणा एका अगदी अरुंद पट्टीत राहावा लागतो. काटा जरा इकडे सरकला की हृदय अडखळतं, जरा तिकडे सरकला की हातापायांना पेटके येतात. हा काटा छातीतली मंडळी आणि आम्ही मिळून सांभाळतो. शरीरात अन्न जळलं की एक वायू निघतो. तो रक्तात विरघळला की आंबट होतो, आणि श्वासावाटे तो बाहेर टाकणं हे मंडळींचं काम. चार श्वास जोरात घेतले की काटा सरकला. पण सगळीच आम्लं अशी हवेत उडून जात नाहीत. जी उडत नाहीत ती आमच्या वाट्याला. ती एकेक धरून पाण्याबरोबर बाहेर काढायची आणि आंबटपणा मारणारा खार जपून परत रक्तात ठेवायचा. त्याला दोन-तीन दिवस लागतात. म्हणजे पाहुणे आले की एकाने दारात उभं राहून "या, या" म्हणायचं आणि दुसऱ्याने आत भांडी घासायची. फोटोत कोण येतो ते तुम्हाला माहीत आहे.

आणखी एक गोष्ट मला खटकायची. अंगातलं पाणी किंवा रक्ताचा दाब कमी झाला की आम्ही एक निरोप सोडतो: रक्ताच्या नळ्या आवळा, मीठ धरून ठेवा. पण हा निरोप आमच्याकडून निघताना अपुरा असतो. त्यात थोडी भर यकृत घालतं, आणि फुफ्फुसांमधून जाताना तो पुरा होतो. त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय आमच्या निरोपाला किंमतच नाही. आता सांगा, दुसऱ्याचं पत्र रोज ज्याच्या हातातून जातं तो ते उघडून वाचत नसेल कशावरून?

भाऊ म्हणायचा, "अरे, ते मदत करतात."

मी म्हणायचो, "मदत करणारा आधी विचारतो."

असो. बाईंच्या कामाकडे वळू. क्रेनच्या खांबात आतून शिडी असते. खाली उतरायला पंधरा-वीस मिनिटं, चढायला त्याहून जास्त. मधल्या काळात क्रेन बंद, आणि क्रेन बंद म्हणजे खालची तीस माणसं हातावर हात ठेवून वर बघत बसणार. पुरुष चालक वर जाताना एक रिकामी बाटली नेतात. कशाला, ते मी सांगत बसत नाही. बाईंना ते जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी दुसरी युक्ती काढली. सकाळी उठल्यापासून पाणी प्यायचंच नाही. पाणी नाही, म्हणजे उतरायला नको.

मुकादमाने एकदा सगळ्यांसमोर म्हटलं, "शिका जरा. बाई आठ तासांत एकदाही खाली येत नाहीत. माणूस नाही, मशीन आहे."

बाई खूश झाल्या. मी दचकलो. मशीनलाही पाणी लागतं, हे त्या मुकादमाला माहीत होतं. सिमेंट कालवायच्या यंत्राला तो दर तासाला पाणी दाखवायचा.

अकरा वर्षं असं चाललं. आम्ही आहे त्या पाण्यात भागवलं, लघवी घट्ट आणि गडद केली, तक्रार केली नाही. खरं तर आम्हाला तक्रार करता येत नाही. खडा अडकला तर गोष्ट वेगळी, एरवी दातासारखं आम्ही ठणकत नाही. लोक याला सोशिकपणा म्हणतात. मला तो मूर्खपणा वाटतो.

दिवसभर काचेतून खाली वाकून बघितल्यामुळे बाईंची पाठ धरायची. घरात सासूबाईंकडे गुडघेदुखीच्या गोळ्या होत्या. सासूबाई म्हणजे तोंडाने फटकळ आणि हाताने सढळ.

"ही घे. माझ्या गुडघ्याला लागू पडते, तुझ्या पाठीचं काय एवढं विशेष आहे?"

"तुमच्या संपतील ना."

"संपू देत. मी कुठे क्रेनवर चढते?"

गोळी आली की मी तिची उलटतपासणी घ्यायचो. मोठी मिठ्ठास होती ती. दुखणं गप्प करते म्हणायची, आणि करायचीही. पण जाता जाता आणखी एकाला गप्प करायची. अंगातलं पाणी कमी असलं की आमच्या दाराशी येणारी रक्ताची वाट उघडी ठेवा असं सांगणारा एक निरोप असतो. त्यालाही ती तोंड मिटायला लावायची. पाणी पुरेसं असलं तर एखादी गोळी खपून जाते. पाणीही नाही आणि वाटही अरुंद, मग आम्ही काय गाळायचं? डोंबल?

मग एका रविवारी बाईंचं पोट बिघडलं. दिवसभर जुलाब. जुलाबातून नुसतं पाणी जात नाही, आंबटपणा मारणारा तो खारही वाहून जातो. सोमवारी इमारतीच्या नवव्या मजल्याचं काँक्रीट ओतायचं होतं. नवरा म्हणाला, "आज राहू दे." हा गृहस्थ शिलाई मशीन दुरुस्त करतो, बोलतो कमी.

"मी नाही गेले तर ओतकाम थांबेल," बाई म्हणाल्या. "पोटाचं म्हणशील तर काही पीतच नाही. आत काही गेलंच नाही तर बाहेर काय येणार?"

मित्रांनो, चूक ती हीच. भल्याभल्यांना हा हिशेब बरोबर वाटतो. बाईंनी सासूबाईंच्या दोन गोळ्या घेतल्या, पाण्याचा एकच घोट घेतला आणि चढल्या. संध्याकाळी आणखी दोन घेतल्या. मंगळवारी पुन्हा तेच.

मंगळवारी सकाळपासूनच आमच्याकडून थेंब निघेना. दारात रक्त येईना तर गाळणार काय? आम्लं साचायला लागली.

आणि नेमकं तेव्हाच छातीतल्या मंडळींनी जोर धरला. श्वास खोल, भराभर, एकसारखा. मिनिटाला सोळाचे चोवीस झाले, मग तीस. मी म्हटलं, बघा. आमच्याकडे हे असं झालंय आणि यांना मिरवायला सुचतंय. सगळ्यांचं लक्ष आता यांच्याकडेच जाणार.

तसंच झालं. संध्याकाळी घरी सासूबाईंनी धाप ऐकली आणि निकाल दिला. "दमा आहे. माझ्या आईला असाच होता. पाणी गरम कर, वाफ दे."

नवऱ्याने बायकोच्या पाठीला कान लावला. मशीनचा कुठला भाग आवाज करतोय हे तो रोज असंच ऐकतो. बराच वेळ ऐकून म्हणाला, "खरखर नाही, शिट्टी नाही. हवा मोकळी येतेय, मोकळी जातेय. बिघाड इथला वाटत नाही."

"तुझं मशीन शिवतं, श्वास घेत नाही," सासूबाई म्हणाल्या. "टॉवेल आण."

वाफ घेतली. मंडळींना वाफेची काही गरज नव्हती. त्यांना कशाची गरज होती ते मला तेव्हा कळलं नाही. मी संशयात गर्क होतो.

बुधवारी बाई चढल्या. नेहमी दोनदा थांबून चढायच्या, त्या दिवशी नऊदा थांबल्या. खोलीत बसल्या, दांडे धरले आणि सळयांचा बोजा उचलला. खाली उभा राहून इशारे देणाऱ्या माणसाला सगळे शिट्टी म्हणतात. त्याचा आवाज रेडिओवर आला.

"वरच्या बाई, बटण दाबलेलं राहिलंय का? नुसता श्वास ऐकू येतोय."

"बोला. ऐकतेय."

"धावताय कुठे?"

"बसलेय."

तो म्हणाला, "बसलेला माणूस असा श्वास घेत नाही. बोजा खाली ठेवा आधी."

मुकादम मध्येच बोलला, "अरे, दोनच बोजे राहिलेत. बाई, तेवढे टाका आणि मग उतरा."

"साहेब, दोन बोज्यांनंतर त्यांना खाली आणायला तुम्ही चढणार आहात का?"

मुकादम एकदाच चढला होता, आणि त्याला खाली आणायला तिघं लागले होते. बाईंनी बोजा टेकवला, कुठेही न आपटता. मग शिट्टी वर गेला आणि त्यांच्या एक पायरी खाली राहून त्यांना उतरवत आणलं. पाऊण तास लागला.

फोन गेल्यावर नवरा आणि सासूबाईही दवाखान्यात पोचले. डॉक्टरबाईंनी छाती तपासली. पुढून, मागून, पुन्हा पुढून. मी म्हटलं, चला, मंडळींचा सत्कार सुरू झाला.

"छाती स्वच्छ आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मग एवढा श्वास कशासाठी घेताय? लघवीला कधी गेला होतात?"

बाईंनी दाराकडे पाहिलं असावं, कारण मुकादम तिथे उभा होता आणि त्याला बाहेर पाठवल्याचं मी ऐकलं. मग बाई म्हणाल्या, "रोजच्यासारखं."

ही डॉक्टरबाई माझ्याच जातकुळीची निघाली. तिने विश्वास ठेवला नाही. "रोजच्यासारखं म्हणजे किती वेळा?"

"सकाळी एकदा. घरी गेल्यावर एकदा."

"आणि काल?"

"काल नाही. आजही नाही," नवरा म्हणाला. "घरात एकच संडास आहे. मला कळतं."

रक्त तपासून आलं तेव्हा डॉक्टरबाई खाटेच्या कडेला बसली. "हा दमा नाही. किडन्यांनी काम थांबवलंय, आणि रक्त आंबट झालंय. किडन्यांना जे बाहेर टाकता येत नाही, त्याची भरपाई फुफ्फुसं दोन दिवसांपासून करतायत. त्यांच्या हातात फक्त वायू आहे, तर तोच जास्तीत जास्त बाहेर फेकतायत. म्हणून ही धाप. त्यांनी हे केलं नसतं, तर तुम्ही शिडी उतरून आला नसतात."

मी ऐकत होतो. हाडातून आलेला शब्द कानाआड करता येत नाही.

"असं किती वेळ चालेल?" नवऱ्याने विचारलं.

"छातीचे स्नायू थकेपर्यंत. सलाईन लावतेय. उद्या दुपारपर्यंत लघवी सुरू झाली तर ठीक. नाहीतर रक्त मशीनवर गाळावं लागेल, आणि तोवर फुफ्फुसं टिकली पाहिजेत. गोळ्या कुठल्या घेत होत्या?"

सासूबाईंच्या पिशवीची चेन वाजली. पाकीट टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. "मी दिल्या," त्या म्हणाल्या. आवाजातला फटकळपणा कुठे गेला होता कोण जाणे. "माझ्या आहेत. मीच दिल्या."

"मी मागितल्या होत्या," बाई धापा टाकत म्हणाल्या.

मागितल्या नव्हत्या. मी तिथेच होतो. पण हे एक खोटं मी न तपासता जाऊ दिलं.

सलाईन आलं तेव्हा सवयीप्रमाणे मी त्याच्यावरही संशय घेतला. चाखलं. पाणी, मीठ, दोन्ही बेताचं. हळूहळू दाराशी रक्त यायला लागलं. पण आमच्या नळ्या सुकून, सुजून बसल्या होत्या. दार उघडलं म्हणून घर लगेच चालू होत नाही. वर छातीत मंडळी चालूच होती. तीस, बत्तीस, चौतीस. आता मी नुसतं ऐकत नव्हतो, मोजत होतो. दर श्वासाला वाटे, हा आपल्या वाटणीचा. ज्यांना मी नाटकी म्हटलं, ते दोन दिवस न थांबता माझी भांडी घासत होते, आणि एकदाही "तुझं काम आहे हे" असं म्हणाले नव्हते. आमचे निरोपही त्यांनी कधी अडवले नव्हते. उलट सोमवारपासून आम्ही घाबरून सोडलेला प्रत्येक निरोप त्यांनी पुरा करून पुढे धाडला होता, म्हणूनच रक्ताचा दाब तेवढा तरी टिकला होता.

सकाळी पस्तीसवर गेले. मग एक श्वास उथळ आला. पुढचा खोल आला, पण उशिरा. मंडळी थकत होती.

"भाऊ," मी म्हटलं, "आता."

नऊच्या सुमाराला पहिले थेंब निघाले. डाव्याने काढले की मी काढले, याचा हिशेब मी ठेवलेला नाही. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच ठेवला नाही. अकरापर्यंत मोजपात्राच्या तळाशी अर्धा पेला जमला. लघवी हा शब्द उच्चारायलाही लाजणाऱ्या सासूबाई ते मोजपात्र दोन्ही हातांत धरून व्हरांड्यातून डॉक्टरबाईंच्या मागे गेल्या.

"एवढीच आहे," त्या म्हणाल्या.

"एवढी खूप आहे, आजी," डॉक्टरबाई म्हणाली.

दुपारी चौतीस, संध्याकाळी अठ्ठावीस, दुसऱ्या दिवशी वीस. मशीन लागलं नाही. पण आम्ही पूर्वीसारखेही झालो नाही. आमच्यातल्या काही बारीक गाळण्या कायमच्या गेल्या, आणि त्या पुन्हा उगवत नाहीत.

दीड महिन्याने बाई कामावर गेल्या. चढण्याआधी मुकादमाला म्हणाल्या, "मी अकराला आणि दोनला खाली येणार. पाणी पिणार."

"बाई, येण्या-जाण्यात पाऊण तास. क्रेन थांबली की तीस माणसं थांबतात."

"मग तीस माणसंही पाणी पितील."

शिट्टी हसला. मुकादमाने महिनाभर तोंड वाकडं ठेवलं. मग एके दिवशी खांबाच्या पायथ्याशी संडासासाठी पत्र्याची एक कोठडी उभी राहिली. बाईंनी आत जाऊन कडी तीनदा लावून पाहिली. संशयी माणसांची मला पूर्वीपासून कदर आहे.

मित्रांनो, तुमच्यातल्या काहींच्या शाळेत अशी कोठडी असेल पण कडी नसेल, किंवा कडी असेल पण आत पाय ठेववत नसेल, आणि म्हणून तुम्ही सकाळपासून तहान दाबून ठेवत असाल. दाबू नका. मोठ्यांना सांगा, लाजू नका. दुसऱ्याची गोळी, कितीही मायेने दिलेली असली तरी, विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि आमच्या दुखण्याची वाट बघू नका. आम्ही बहुधा दुखत नाही. आमचं काम थांबलं की धाप दुसऱ्याला लागते.

संशय घेणं मी सोडलेलं नाही. या वयात ते जमायचं नाही. फक्त आता तो घेण्याची जागा बदलली आहे. कुणी विनाकारण धावपळ करताना दिसलं, तर तो मिरवतोय असं मी पूर्वी म्हणायचो. आता आधी बघतो, हा कुणाचं थांबलेलं काम ओढतोय. तुम्हीही बघा. घरात जो सगळ्यात जास्त धापा टाकतोय त्याच्या शेजारी शोधा. तिथे बहुधा कुणीतरी गप्प बसलेलं असतं, आणि त्याला पाणी विचारायचं राहून गेलेलं असतं.